इसरूला सांगितलेले शेवट

३ फेब्रुवारी, सोमवार

सापडली! गुरुवारची गोष्ट सापडली — आणि कुठे, तर माझ्याच मोबाईलमध्ये!

झालं असं — २८ला हे फॅक्टरीतून रिटायर होणार, मग हे क्वार्टर सोडायचं, म्हणून सकाळपासून कपाटं उपसत होते. दमून पलंगावर टेकले तर निकेशचा मेसेज. पुण्यात बसून कोण जाणे कुठून शोधून काढलं त्यानं. ‘आई, तू आम्हाला सांगायचीस ती सीरियल हीच का?’ हीच रे बाबा, हीच! सुरुवातीची तीच बासरी, तोच उघडणारा खिडकीचा पडदा. चित्र जुनाट, मध्येच रेषा पळतात. तरी डोळ्यांत टचकन पाणी आलं. अडतीस-एकोणचाळीस वर्षं झाली की!

कपाट तसंच उघडं राहिलं. हे घरी आले तेव्हा साड्यांचा ढीग जमिनीवर आणि बायको मोबाईलमध्ये.

५ फेब्रुवारी

आज लिहूनच काढते, नाहीतर विसरेन.

चामोर्शीकडचं आमचं गाव, आणि अख्ख्या गावात एक टीव्ही, ग्रामपंचायतीचा. मालिकेचं खरं नाव कुणी घेत नसे. गुरुवारी लागते म्हणून गुरुवारची गोष्ट. अर्ध्या तासात नवी गोष्ट सुरू, अर्ध्या तासात खलास. पुढच्या गुरुवारी दुसरी माणसं, दुसरं घर, दुसरं दुःख. गावाला हे पचायलाच सहा महिने लागले. सोनीबाई म्हातारी दर वेळी विचारायची, आता पुढं काय होईल? पुढं काही नाही, संपली — म्हटलं की टीव्हीकडे अशी बघायची जणू त्यानं तिला जेवता जेवता ताटावरून उठवलं. त्यातून नट तेच तेच. एका गुरुवारी क्षयानं मेलेला माणूस पुढच्या गुरुवारी पोस्टमन होऊन सायकलवर आला, तेव्हा निम्मा गाव चिडला. रडायला लावलं फुकट, म्हणे!

आणि छपरावर इसरू.

इसरू पंचायतीचा चपराशी, बाविशीचा. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावचा गोंड. त्यांच्यात आत्याच्या मुलीशी लग्न ठरवतात, तसं बापानं ठरवलं होतं. ह्यानं नाही म्हटलं. बाप म्हणाला, मग या घरात पाय ठेवू नको. म्हणून आमच्या गावात. अँटेनाचा बांबू वाऱ्यानं फिरायचा आणि पडद्यावर मुंग्या यायच्या, तेव्हा गोष्ट संपेपर्यंत कुणीतरी तो धरून उभं राहणं भाग होतं. ते काम इसरूचं. वरून ओरडायचा, आलं का? आम्ही खालून — आलं! गेलं! जरा नदीकडे फिरव! म्हणजे ज्याच्यामुळे सगळ्या गावाला चित्र दिसायचं, त्याला एकही गोष्ट कधी दिसली नाही.

दर शुक्रवारी सकाळी विहिरीवर मी त्याला कालची गोष्ट सांगायची. मी बारा वर्षांची. कुणी सांगितलं नव्हतं, पण ते माझंच काम झालं.

६ फेब्रुवारी

चार भाग पाहिले. वरण करपलं. हे काही बोलले नाहीत, म्हणजे खूपच बोलले.

९ फेब्रुवारी

एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही. मी शेवट बदलायची.

त्या मालिकेत दहातल्या आठ गोष्टींचा शेवट वाईट. आता माणूस अर्धा तास वाऱ्यापावसात बांबू धरून उभा राहिला, आणि सकाळी त्याला काय सांगायचं — गोष्टीतली बाई विहिरीत पडली म्हणून? मला ते जमेना. म्हणून माझ्या गोष्टीत ती विहिरीवरून परत यायची. पोस्टमनला हरवलेलं पत्र सापडायचं. आजारी मास्तर खडखडीत बरा व्हायचा. इसरू ऐकताना दोर धरून तसाच उभा राहायचा, आणि शेवट झाला की बादली ओढायचा. ‘बरं झालं,’ म्हणायचा.

पुढे कॉलनीच्या बालवाडीत वीस वर्षं पोरांना गोष्टी सांगितल्या, तिथेही हाच धंदा केला. माझ्या हातून कुठल्याच सशाचं कधी वाईट झालं नाही.

११ फेब्रुवारी

रश्मीचा वाढदिवस. सत्तावीस पूर्ण. फोन लावला. तिनं कट केला. संध्याकाळी परत लावला, परत कट.

लेक बोलत नाही त्याला या मार्चमध्ये दोन वर्षं होतील.

१४ फेब्रुवारी

आज तो भाग पाहिला. पाहायलाच नको होता.

मुलगा बापाशी भांडून घर सोडतो. सात वर्षांनी परत येतो, दारावर थाप देतो. आत बाप खुर्चीत बसलेला. ऐकतो, उठत नाही. मुलगा आणखी दोनदा थाप देतो आणि निघून जातो. रिकामा रस्ता, बासरी, नावं. संपलं. इसरूला मी सांगितलं होतं — बाप लगेच दार उघडतो, आत भात शिजत असतो, दोघं जेवायला बसतात.

पण त्या खोलीत तिसरं माणूस आहे. हे मला बाराव्या वर्षी दिसलंच नव्हतं! बापाच्या खुर्चीमागे आई उभी आहे. हातात पदराचं टोक. ती दाराकडे बघते, नवऱ्याकडे बघते. एक शब्द बोलत नाही. तीन वेळा थाप पडते आणि ती बाई जागची हलत नाही. मी मोबाईलवर ओरडले — अगं जा ना, उघड ना!

मग मोबाईल उलटा ठेवला. कारण ती बाई मीच आहे. खरं तर तिच्याहून वाईट.

रश्मीनं लोकेशशी कोर्टात लग्न केलं आणि दुसऱ्या दिवशी दोघं इथे आले, याच दारात. लोकेश वनरक्षक, सरळ मुलगा, दोष एकच — गोंड. हे म्हणाले, ‘इथी यायचं काम नाई.’ एवढंच, आणि आत गेले. दार उघडंच होतं. रश्मी माझ्याकडे बघत होती. मी दार लावलं. कडी मी लावली. ह्यांनी नाही. आजपर्यंत सगळ्यांना सांगत आले की ह्यांच्यापुढे माझं काय चालतं? धडधडीत खोटं. मला कुणी लाव म्हटलं नव्हतं.

इसरूला गोष्टी सांगायला चाललं. त्याच्या जातीचा जावई मात्र चालला नाही!

१५ फेब्रुवारी

त्या गोष्टीनंतर आठ दिवसांत इसरू गाव सोडून गेला. घरी जातो म्हणाला. माझ्या आईनं त्याला पोहे बांधून दिले होते. परत आला नाही. आम्ही पोरं हळहळलो, कारण अँटेना धरायला आता माझ्या थोरल्या भावाची, सोमाजीदादाची, पाळी आली आणि दादाचा हात थरथरायचा.

तेव्हा काही वाटलं नाही. आता कालपासून दुसरं काही सुचत नाही. माझ्या खोट्या भातावर विसंबून तो गेला असेल, आणि बापानं दार उघडलंच नसेल तर?

दादाला फोन केला. तो म्हणतो, इसरू आहे की! चामोर्शीजवळ मार्कंड्याच्या जत्रेत दरवर्षी येतो, सून रीना चारोळी आणि मध विकायला बसते, हा शेजारी बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारतो.

जत्रा २६ला.

२० फेब्रुवारी

जत्रेला जाते म्हटलं. हे म्हणाले, २८ला माझा निरोप समारंभ आहे, तोवर परत ये. येते म्हटलं. समारंभात जोडीनं खुर्चीत बसायचं असतं. ह्यांनी माझ्यासाठी साडीसुद्धा स्वतः आणली. मोरपंखी. पस्तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा माणूस दुकानात एकटा गेला. रंग बरोबर निवडला, हे त्यांना सांगितलं नाही.

बांधाबांध करताना माळ्यावरून रश्मीची शाळेची पेटी निघाली. ह्यांनी ती खाली उतरवली, फडक्यानं पुसली, आणि सोबत न्यायच्या सामानात ठेवली. मी पाहिलं हे त्यांना कळलं नाही.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्री. दादाकडे मुक्काम.

भद्रावती ते चंद्रपूर, चंद्रपूर ते मूल, मूल ते चामोर्शी — तीन बसा, तिन्हींत उभी. पण लिहायचं ते वेगळंच आहे.

इसरू भेटला! केस पांढरे, दात दोन कमी, पण उभं राहणं तेच, हात वर धरल्यासारखं. मी नाव सांगितलं तेव्हा आधी रीनाला म्हणाला, ‘हेच ते गोष्टीवाली.’ म्हणजे सुनेला माहीत! नातवंडांनाही माहीत. त्याच्या गावात माझे सगळे गुरुवार अजून सांगतात. टीव्हीतल्या शहरातले बंगले जाऊन तिथे मोहाची झाडं आली आहेत, पण शेवट सगळे माझेच. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

शेवटी विचारलंच. इसरूभाऊ, तेव्हा घरी गेलात, पुढे काय झालं?

म्हणाला, बापानं दार उघडलं नाही. आतून ओरडला, जा म्हणून. हा पडवीत बसला. मायनं मागच्या बाजूनं पेज आणून दिली, ती प्यायला आणि बसला.

‘तुनच त सांगतलं होतं ना, तिसऱ्या दिवशी बाप दार उघडते म्हणून.’

मी असं मुळीच सांगितलं नव्हतं! माझा शेवट मला शब्दन् शब्द आठवतो. त्यात बाप लगेच उघडतो. तीन दिवस ह्यानं स्वतःच घातले, वाटेत कुठेतरी, कदाचित त्या पडवीत बसल्यावरच. पण मी तिसऱ्या दिवशी उघडलं का, एवढंच विचारलं.

‘कायचं! पाचव्या दिवशी.’

मग तिसऱ्या दिवशी उठून का नाही गेलात?

तो हसला. ‘म्या म्हटलं, पोरगी मोजण्यात चुकली असन.’

तेव्हा मला राहवेना. सगळं सांगून टाकलं. टीव्हीत दार उघडलं नव्हतं, तिसऱ्या दिवशी नाही आणि पाचव्याही नाही. ती बाई विहिरीतून वर आली नव्हती, मास्तर मेला होता. तो ऐकत राहिला. मध्ये एक गिऱ्हाईक आलं, त्याला चारोळी मोजून दिली. मग म्हणाला, ‘बरं झालं, मी छपरावर होतो.’

मुलंबाळं विचारली. निकेशचं सांगितलं. रश्मीचं सांगताना अडखळले, पण सांगितलं — लोकेशचं, त्याच्या जातीचं, कडीचं. आता हा उठून जाईल असं वाटलं, आणि गेला असता तर चूक नव्हती. तो बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. नंतर विचारलं, पोरगी राहते कुठे? गडचिरोलीला, नर्स आहे, म्हटलं.

‘गडचिरोली त जवळच हाय इथून,’ म्हणाला, आणि रीनाला चहा सांगितला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

निकेशकडून पत्ता घेतला. दोन खोल्या, समोर तीन पायऱ्या. दार वाजवलं. रश्मीनं उघडलं, मला पाहिलं, आणि लावून घेतलं. आत कडी वाजली. तो आवाज मला चांगला ओळखीचा आहे.

पायरीवर बसले.

संध्याकाळी ह्यांना फोन केला — उद्या समारंभाला येऊ शकत नाही, रश्मीच्या दारात आहे. म्हणाले, ‘मंग येऊच नको.’ आणि फोन ठेवला.

२८ फेब्रुवारी

घरमालकीणबाईंनी रात्री त्यांच्या ओसरीवर पथारी दिली. कोण, कुठल्या, काही विचारलं नाही. सकाळी परत पायरीवर. रश्मी ड्युटीवर जाताना माझ्या बाजूनं अंग चोरून गेली. बारीक झाली आहे. लोकेशनं चहा आणून ठेवला, खाली वाकून पाया पडला आणि मोटारसायकल काढून गेला. मी याच मुलाच्या तोंडावर दार लावलं होतं! चहा पिताना रडू आलं. रस्त्यानं जाणारे बघत होते, बघोत.

आत्ता चार वाजले. तिकडे समारंभ सुरू झाला असेल. ह्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी. काय सांगितलं असेल सगळ्यांना?

१ मार्च

अजून नाही. पाय सुजले आहेत. वही आणली होती म्हणून बरं. रश्मी परत येताना एक क्षण थांबली. ‘आई, लोक काय म्हणतील,’ म्हणाली. बस्स. पण आई म्हणाली.

२ मार्च, रविवार

दुपारी हे आले. गडचिरोलीच्या बसचं तिकीट अजून हातात, खांद्यावर समारंभात मिळालेली शाल. मला वाटलं, न्यायला आले. ह्यांनी बंद दाराकडे पाहिलं, चपला काढून बाजूला ठेवल्या.

‘सरक जराशी,’ म्हणाले, आणि पायरीवर बसले.