फुंकण्याची फेरतपासणी

आदरणीय भाऊजी,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे आणि आक्काचा राग, दोन्ही ताब्यात असतील अशी आशा करतो. आम्ही सगळे इथे आहोत. (बरे आहोत असं लिहिणार होतो, पण आम्ही ठणठणीत आहोत असं सरकारी कागदावर एकदा लिहिलं गेलं, आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला, म्हणून हात आखडता घेतला.)

झालं असं, की ज्यांच्या दारावरून ट्रक जातात आणि ज्यांच्या छपरावर भट्टीचा धूर उतरतो, त्या गरिबांचीच फुप्फुसं जास्त खराब होतात, हे गेल्या वर्षी सरकारच्या ध्यानात आलं. (आमच्या ध्यानात वीस वर्षांपूर्वीच आलं होतं, पण आम्हाला कोणी विचारलं नव्हतं.) ज्या वस्तीच्या छात्या जास्त बिघडलेल्या, तिथले ट्रक आधी बाहेरच्या रस्त्याने वळवायचे, असं ठरलं. चांगलंच ठरलं. मग मोजणीच्या बाई फुंकायची नळी घेऊन आल्या, त्या भर दुपारी. भर दुपारी वस्तीत असतं कोण? सगळे कामावर. आमच्या खोलीत मात्र बँडची तालीम चालू होती. बाईंना पाच पुरुष हवे होते. चार आम्ही ट्रम्पेट-क्लॅरिनेटवाले आणि पाचवा कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. बाई म्हणाल्या, "जोरात फुंका हं." भाऊजी, तीस वर्षं फुंकून पोट भरणाऱ्याला असं सांगायचं असतं का? नळीवरचा काटा टोकाला जाऊन आदळला. बाईंनी टाळ्या वाजवल्या. (इस्त्रीवाल्याला नुसता खोकलाच आला, पण सरासरीपुढे एकट्याचं काय चालणार!)

सहा महिन्यांनी कागद आला. आमच्या वस्तीची फुप्फुसं साहेब लोकांच्या वसाहतीपेक्षा सुदृढ, सबब मदतीची गरज नाही. वर त्या वसाहतीजवळचे ट्रकही आमच्याच रस्त्यावर सोडले. तेव्हापासून लोक मला 'फुंक्या' म्हणू लागले. शेजारची शिंपीणबाई, जिची नात चार पावलं चालली की धापा टाकते, ती तर बोलायचीच बंद झाली. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग कचेरीत हेलपाटे सुरू झाले. साहेब वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. वाईट असता तर भांडून मोकळा झालो असतो. सातव्या खेपेला म्हणाला, "तुमचं पटतंय हो मला. पण आकड्याला उत्तर आकड्यानेच द्यावं लागतं. त्याच पाच जणांनी पुन्हा फुंकायचं." (हे बोलताना तोही दोनदा खोकला. त्याची खिडकी रस्त्याच्याच बाजूला आहे.)

मग वस्तीने मला नापास व्हायला शिकवायला घेतलं. शिंपीणबाई माझ्याशी बोलू लागली, ती एवढंच सांगायला: "अर्धाच श्वास घ्या, आणि मध्येच खोका." मी रोज आरशासमोर वाईट फुंकत बसायचो आणि बायको कान दाबून हसायची. फेरतपासणीला अख्खी गल्ली दारात उभी. मी फुंकलं. बाईंनी काटा पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. काटा निम्म्यावर! बाकीच्या तिघांनीही आपापली सोंगं बरी वठवली, आणि इस्त्रीवाल्याला तर सोंगाची गरजच नव्हती. एक तारखेपासून ट्रक बंद झाले. आता दार उघडं ठेवून जेवता येतं आणि दाताखाली धूळ करकरत नाही. शिंपीणबाईने माझ्या फाटक्या कोटाला न मागता अस्तर लावून दिलं. म्हणाली, "काय नाटक केलंत हो!" मी मान डोलावली.

आक्काला नमस्कार, पोरींना आशीर्वाद. दमलोय, म्हणून इथेच थांबतो.

तुमचा मेहुणा

ता. क. : नाटक मी केलंच नाही. नळी तोंडाला लागली आणि शिकवलेलं सगळं विसरलो. सवयीने जीव खाऊन फुंकलं. घरात सांगितलेलं नाही. बायको अजून माझ्या सोंगाची नक्कल करून दाखवते.

आणखी ता. क. : तुमच्या बँडमध्ये ड्रमवाल्याची जागा रिकामी आहे असं कळलं. मला ड्रम येत नाही, पण शिकेन. हात अजून शाबूत आहेत.