मेल्यावरची मदत

मी, अनुपमा चारुदत्त टिपणीस, वय सहासष्ट, शारजातल्या शाळेतली निवृत्त इतिहास शिक्षिका, राहणार इंटरनॅशनल सिटी, दुबई, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. केमोने केस गेले, अक्कल जागेवर आहे.

१. राहते घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्या पश्चात ते मुलगी वैभवी हिचे. जावई रोनित याचा त्यावर काडीचाही हक्क नाही. त्याचं पाऊलसुद्धा आत पडता कामा नये.

२. सोन्याच्या पाटल्या नात केया हिला. पुरणयंत्र मैत्रीण लतिकाकडे आहे, ते मागू नये. यंत्र असूनही तिचं पुरण सैलच होतं बिचारीचं.

३. मुलगा वेदांग यास त्याच्या वडिलांचं घड्याळ. बाकी काही नाही. कारण लिहिणं भाग आहे.

अकरावीला मी दरवर्षी एक वादविवाद लावायचे. साल १९४१. लंडनवर बॉम्ब पडताहेत. अमेरिकेने युद्धात न उतरता मित्रांना जहाजं, शस्त्रं द्यावीत, की ‘आपल्याला काय त्याचं’ म्हणून गप्प बसावं? बाजू चिठ्ठीने ठरायची, स्वतःच्या मताने नव्हे. वेदांग माझ्याच वर्गात होता तेव्हा त्याला ‘गप्प बसा’ आली. रडवेला झाला. "आई, लोक मरतायत गं!" म्हणाला. मग असा काही बोलला की ढाल घेऊनच घरी आला.

गेल्या महिन्यात मी दवाखान्यात असताना वैभवी केयाला घेऊन वेदांगच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या फ्लॅटवर गेली. रोनितने हात उचलला होता, आणि पहिल्यांदा नव्हे. वेदांग म्हणाला, "ताई, हा तुम्हा दोघांचा पर्सनल मॅटर आहे. आय अ‍ॅम न्यूट्रल." वकिलाचा नंबर दिला आणि तिला परत रोनितच्याच घरी सोडून आला. त्याच आठवड्यात तिचं मनगट मोडलं. मला हे लतिकाने काल सांगितलं.

अरे, ती चिठ्ठी त्या तासापुरती होती रे! सख्ख्या बहिणीपुढे कसली तटस्थता? तरी तुझ्यावरची माया आटत नाही मेली.

४. इथवर लिहून लतिकाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे तू जाईपर्यंत पोरीने मार खायचा होय गं?"

खरंच की. मृत्युपत्र म्हणजे मेल्यावरची मदत. सबब कलम १ रद्द. घर मी जिवंतपणीच वैभवीला देत आहे. बक्षीसपत्राचे कागद सोमवारी होतील, किल्ली आज देणार. लतिकाने गाडी खाली आणली आहे. पोरीला आणि केयाला आणायला रोनितच्या दारात मीच उभी राहणार. उलटीसाठी पिशवी घेतली आहे.

वेदांगला फोन केलेला नाही. पत्ता त्याला ठाऊक आहे.

सही: अनुपमा चारुदत्त टिपणीस (घाईत केली आहे, पण माझीच आहे)

साक्षीदार: लतिका संजय गडकर, मैत्रीण; हलिमा, शेजारीण

स्थळ: दुबई
शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५