बाबांच्या रिव्हॉल्वरातली नवी काडतुसं

वहिनी,

देवीची ओटी भरून आलीस की अंगणातलं रक्त बघून घाबरशील, म्हणून गाडी जुंपेपर्यंत हे लिहितो. खंडेनवमीचा दुसरा बार काढताना बाबांचं रिव्हॉल्वर दादाच्या हातात फुटलं. दादा जिवंत आहे. उजव्या हाताची तीन बोटं गेली, डोळ्यात लोखंडाची कपची शिरली आहे. इस्पितळात नेतो आहोत. चिमा शेजारच्या गोदाकाकूंकडे आहे. तू तशीच निघून ये, येताना धुतलेली दोन जुनी लुगडी आण.

फुटलेलं हत्यार पूजेच्या पाटावर ठेवलंय, त्याला हात लावू नकोस. आत अजून चार काडतुसं आहेत.

ती मीच मुंबईहून आणली. रिव्हॉल्वर काळ्या दारूच्या जमान्यातलं आणि काडतुसं नव्या, जोरकस दारूची. जुन्या हत्यारात घालू नका, असं दुकानदाराने बजावलं होतं. मला वाटलं, नवं रिव्हॉल्वर गळ्यात मारायला बघतोय. सहाही घरांत काडतुसं अलगद बसली, तेवढ्यावर मी खूश. दादाने विचारलंसुद्धा, "बाबू, चालतील ना रे ही?" मी हसलो. म्हटलं, "बार जरा मोठा निघेल, एवढंच."

आता पडवीत पडल्या पडल्या दादा येईल त्याला सांगतोय, "माझ्याच हातून चूक झाली." तुलाही तेच सांगेल. वहिनी, तू तरी खरं मानू नकोस.

बाबू