सुईचं टोपण

हेंद्रेपाडा, बदलापूर
१६ नोव्हेंबर २०२५

चि. ऋतिका,

आशीर्वाद. आम्ही दोघं बरी आहोत. थंडीने आईचा गुडघा धरतो, पण बाई ऐकत नाही. तुझ्यासाठी कुळथाचं पीठ दळून ठेवलंय. नाशिकला गारठा असेल, कान बांधून जात जा.

गेल्या सोमवारी सकाळी मी दिवा लावला, आठच्या आत कॅम्प पाचच्या आमच्या हॉस्पिटलात पोचलो आणि नर्सिंगच्या नव्या मुलींना इंजेक्शनचा ट्रे लावायला शिकवलं. कापूस किती भिजवायचा, काम झाल्यावर सुईला टोपण कसं घालायचं. मी जखमा बांधणारा साधा ड्रेसर, पण त्यांच्या मॅडम वॉर्डात कमी येतात, मग मुली मलाच विचारतात. "मामा, बघा ना जरा," म्हटलं की मला बरं वाटतं.

हे फोनवर सांगणार होतो. दोनदा लावला आणि जेवलीस का विचारून ठेवला.

त्यांच्यात अंबरनाथची जिज्ञासा म्हणून एक आहे, बोलकी. साडेदहाला तिने एका पेशंटचं रक्त काढलं, टोपण घालायला गेली आणि सुई डाव्या हाताच्या बोटात घुसली. हातमोज्यावर लाल ठिपका आला. तिने आधी माझ्याकडे बघितलं.

मी तिचं बोट पिळलं, वर स्पिरिट लावलं. ती रडायला लागली तेव्हा म्हणालो, "अगं, मला अशा दहा टोचल्यात. सिस्टरला सांगू नको, पोस्टिंग बंद करतील. देव आहे ना."

"नक्की ना मामा?"

"नक्की."

वाचून तू कपाळाला हात लावशील. बोट पिळायचं नाही, साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि लगेच कळवायचं, हे तुला नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी शिकवलं. मी सव्वीस वर्षं वॉर्डात आहे.

मंगळवारी दुपारी आमच्या इन्चार्ज मालिनी सिस्टरनी मला बाजूला घेतलं. "मामा, त्या पेशंटचा एचआयव्ही पॉझिटिव्ह आलाय. ड्रेसिंगला नीट काळजी घे. बोभाटा नको." जिज्ञासाने रक्त काढलेला पेशंट तोच. मी मान हलवली आणि कामाला लागलो. टोचल्यावर बहात्तर तासांच्या आत औषध सुरू व्हावं लागतं, जितकं लवकर तितकं चांगलं, हे भिंतीवर लिहिलेलं आहे. त्या भिंतीसमोरून मी दिवसातून वीस वेळा जातो.

तरी त्या दिवशी बोललो नाही. संध्याकाळी हरिपाठाला बसलो. ओठ हलत होते. देवाचं नाव मी त्या पोरीला गप्प करायला वापरलं होतं, ते आता तोंडातून निघेना.

का बोललो नाही ते तुला ठाऊक आहे. चौकशी झाली की पहिला प्रश्न येणार, टोपण परत घालायला शिकवलं कुणी? दिवाळीत तू म्हणालीस, "बाबा, टोपण लावायचं नाही, सुई तशीच डब्यात टाकायची." मी हसलो. म्हणालो, "तुमच्या मॅडमना कुठे कचरा उचलावा लागतो?" तू ताटावरून उठलीस. आमच्या वॉर्डाची सफाई करणाऱ्या ठमाबाईला कचरा उचलताना सुई लागली होती, तेव्हापासून मी प्रत्येक पोरीला तिची गोष्ट सांगून टोपण घालायला लावतो. मला ते पुण्य वाटत होतं.

बुधवारी सात वाजता मी गेटवर उभा राहिलो. जिज्ञासा आली, तिला सांगितलं. मग तिला घेऊन सिस्टरकडे गेलो. त्या माझ्यावर ओरडल्या, "परवाची गोष्ट आज सांगतोस?" पण लगेच सरकारी दवाखान्यात पाठवलं. दुपारपर्यंत गोळ्या सुरू झाल्या. अठ्ठावीस दिवस घ्यायच्या, पुढे रक्त पुन्हा तपासायचं. तिला मळमळतं. घरी तिने पित्त झालंय म्हणून सांगितलंय. निकाल काय येईल ते मला माहीत नाही, ऋतिका.

शुक्रवारी रजिस्टरात बघितलं. लिहिलं होतं, 'विद्यार्थिनीचा निष्काळजीपणा.' सिस्टर म्हणाल्या, "तुझं नाव कशाला घालू? पोरीला एक ताकीद मिळेल, विषय संपेल."

ठमाबाई तिथेच पुसत होती. फडकं बादलीत आपटून म्हणाली, "माझ्या नावावर पोरीला टोचवलीस होय रे? टोपणं घाल म्हणून मी कधी सांगितलं तुला? सुयांचा डबा भरला की बदल, एवढंच बोंबलत होते ना मी?"

खरं होतं. डबा वरपर्यंत भरलेला असायचा आणि नवा मागायला मी चार-चार दिवस लावायचो.

काल मी सिस्टरच्या टेबलाशी उभं राहून लिहून दिलं. टोपण घालायला मी शिकवलं, लपवायला मी सांगितलं, डबा मी बदलला नाही, मुलीचा दोष नाही. खाली सही केली. "नोकरीवर येईल, मामा," त्या म्हणाल्या. येऊ दे म्हटलं. एक प्रत मुलींच्या मॅडमना कॉलेजात नेऊन दिली, दुसरी जिज्ञासाच्या हातात.

हे पत्र तुझ्या वर्गात वाचून दाखव. तिचं नाव वगळ, माझं राहू दे.

तुझे बाबा,
भगवंत नाथा म्हसकर