उघडलेलं कुलूप

गुरुवार, १८ सप्टेंबर

प्रिय चिऊ,

पत्राला फार उशीर केला, रागावली असशील. फोनवर मी तुझ्या जेवणाखाण्याचं विचारत राहिले आणि तू विचारलेलं तेवढं टाळलं, हे तुझ्या लक्षात आलंच असणार. सोमवारी तुला प्रकल्प द्यायचाय, तेव्हा आता टाळून भागणार नाही. पण आधी वर्गातली एक गंमत सांगते. गंमत म्हणावी का, ते तूच ठरव.

यंदा नववीला मी गणितात एस्केप रूम करतेय, म्हणजे कोडी सोडवून बंद खोलीतून सुटायचा खेळ. दार बंद करायला मुख्याध्यापिकांनी साफ नकार दिला. म्हणाल्या, "एखादं पोर घाबरलं तर पालकांना तोंड कोण देणार, तुम्ही?" म्हणून दाराऐवजी पेटी. तिला आकड्यांची तीन कुलुपं, एकेक उदाहरण सुटलं की एकेक उघडायचं. आत पाच मिनिटं आधी सोडण्याची चिठ्ठी. एरवी फळ्याकडे न बघणारी पोरं त्या पेटीला अशी झोंबतात की मला कळत नाही, ही गणिताची ओढ की सुट्टीची? कुणाला विचारावं तर उत्तर ठरलेलं: "दोन्ही, बाई!"

अ तुकडी मधल्या सुट्टीत ब तुकडीला आकडे सांगणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून ब साठी मी उदाहरणांतले आकडे बदलले. शेवटचं असं: आयताची परिमिती साठ, लांबी रुंदीपेक्षा सहाने जास्त, तर क्षेत्रफळ किती? हे आलं पट्टीच्या गटाकडे. पट्टी म्हणजे प्रत्येक रेघ पट्टीनेच मारणारी, अगदी खोडतानासुद्धा. तिनं अठरा गुणिले बारा केलं, दोनशे सोळा लावले. कुलूप ढिम्म. दोन कुलुपं उघडलेली, सगळा वर्ग तिच्या डोक्यावर उभा. "अगं, तुझ्यामुळे अडलंय!" मीही म्हटलं, "पुन्हा तपासा." तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं आणि कुलूप खट्कन उघडलं. गोंधळात मला ऐकू आलं नाही. वाटलं, चूक सापडली असणार.

दुपारी तिचा कागद तपासायला घेतला. दोनशे सोळावर पट्टीने मारलेली रेघ. खाली लांबी वीस, रुंदी दहा, क्षेत्रफळ दोनशे. आणि लांबी सहाने जास्त हवी म्हणून स्वच्छ अक्षरात: २० − १० = ६.

मी किती वेळ त्या ओळीकडे बघत बसले. दोनशे हे अ तुकडीचं उत्तर. आकडे बदलले, पण शेवटच्या कुलपाचा आकडा बदलायलाच मी विसरले होते. तिला बोलावून विचारलं, "विसातून दहा गेले तर सहा कसे गं?" ती म्हणाली, "मलाही तसंच वाटलं होतं, बाई. पण कुलूप उघडलं ना."

तुझं उत्तर खरं, कुलूप माझ्याकडून चुकलं, असं मी तिला सांगितलं. वाटलं, खूश होईल. ती जाता जाता थांबली आणि तिनं विचारलं, "मग आधीची दोन बरोबर होती, हे कशावरून?" आम्ही तिथेच बसून ती दोन्ही तपासली. बरोबर होती. तिच्या तोंडावर त्या वेळी जे होतं, ते पेटी उघडताना कुणाच्याच तोंडावर नव्हतं.

चिऊ, तू विचारलं होतंस की सळई किती भाराला वाकते याचं तुझं माप तीनदा मोजूनही सरांच्या तक्त्याशी जुळत नाही, सगळे तक्त्यातलाच आकडा लिहितात, तर मीही तोच लिहू का? मी टाळत होते, कारण "सर अनुभवी आहेत, लिहून मोकळी हो" हेच माझ्या ओठांवर होतं, आणि ते तुला सांगायला मन घेत नव्हतं. सर चुकले असं मी म्हणत नाही. तुझंही चुकलं असेल. पण तुझा आकडा आहे तसा लिही आणि सरांना विचार, तक्ता केला तेव्हाची सळई हीच होती का? भीती वाटली तर फोन कर. तुझ्या हातून वीस वजा दहा सहा लिहिलं जाऊ नये, एवढ्यासाठीच हे पत्र.

तुझीच,
आई

ता. क. उद्या सगळ्या वर्गासमोर कुलूप पट्टीच्या हाती देऊन त्याचा आकडा तिच्याकडूनच २१६ करून घेणार आहे.