काळी पट्टी

दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सादर नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत. हिचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण हिच्याइतका नाही. तुझ्या खोकल्याचं काय झालं?

"जुन्या निगेटिव्ह घरीच स्कॅन कर, त्यात काय एवढं," असं तू फोनवर म्हणालीस. त्याला तीन आठवडे झाले आणि माझ्या डोक्याचा पार भुगा झाला आहे. जावई म्हणतात, सपाट स्कॅनर घ्या, कागदपत्रंही होतील. दुकानदार म्हणतो, फक्त फिल्मचा वेगळा येतो, तोच घ्या. ऑफिसातला मित्र म्हणतो, दोन्ही सोडा, निगेटिव्हच्या पट्टीखाली दिवा लावा आणि मोबाइलने फोटो काढा. ज्याचं ऐकावं त्याचं पटतं. मी चौथ्यांदा दुकानात निघालो तेव्हा ही म्हणाली, "यंत्र बघताय की दुसरा जावई? पहिल्याची तर इतकी चौकशी केली नव्हती."

दुकानदाराने विचारलं, "निगेटिव्ह किती दाट आहे?" मी म्हटलं, जवळजवळ काळी. तो म्हणाला, "दाखवा." मी घरी परत आलो.

ताई, तुझ्या लग्नाचा रोल लॅबवाल्याने जाळला नव्हता. कॅमेरा माझ्याकडे होता. छत्तीस फोटो संपले आणि रीळ मागे न गुंडाळताच मी मागचं झाकण उघडलं, उजेड आत शिरला. लगेच बंद केलं, कुणाला बोललो नाही. धुऊन आली तेव्हा सगळी फिल्म काळी. फक्त अगदी आत गुंडाळलेले पहिले चार फोटो वाचले होते. तीन रिकाम्या खुर्च्यांचे. चौथ्यात आई तुझ्या चपलेचा बंद लावते आहे, अर्धी धुरकट.

ते चार दाखवले असते तर झाकण उघडलं गेलंय हे बाबांनी एका नजरेत ओळखलं असतं, म्हणून सगळंच लपवलं आणि लॅबवाल्यावर ढकललं. बाबा लॅबवाल्याला चार लोकांत वाटेल ते बोलले, मी शेजारी उभा होतो. चार महिन्यांनी आई गेली. लग्नातला आईचा एकही फोटो नाही म्हणून तू रडलीस, तेव्हाही पट्टी माझ्या कपाटात होती. नंतर सांगायला दरवर्षी जास्तच उशीर झालेला असायचा. मला लाज वाटते, ताई.

काल पट्टी खिडकीशी धरली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं ना, आईचे केस पांढरेशुभ्र दिसतात. तेवढं वय तिला मिळालंच नाही. स्कॅन केलं की ते पुन्हा काळे होणार. यंत्र का ठरत नाही हे आता माझं मलाच नीट सांगता येत नाही.

पट्टी सोबत पाठवतो आहे. तिची दुसरी प्रत नाही. कडेला धर, बोटं लावू नकोस. स्कॅन करायची की अशीच ठेवायची, ते तू ठरव. फोन केलास तर उचलीन, नाही केलास तरी समजेन.

झाकण उघडणारा,
तुझा धाकटा भाऊ