तिघींची सायकल

बाई,

काल संध्याकाळी मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते आणि मुलगी समोर बसून इंग्रजीचा अभ्यास करत होती. ती आता सातवीत आहे. वस्तू एकाची आहे की अनेकांची आहे हे इंग्रजी वाक्यात कसं दाखवायचं, तो धडा होता. एकाची असेल तर अपॉस्ट्रॉफी एसच्या आधी, अनेकांची असेल तर एसच्या नंतर. नियम तिला पाठ होता आणि दहाही वाक्यं बरोबर होती. मुलांच्या बॅटी, शिक्षकांच्या खुर्च्या, पक्ष्यांची घरटी. मी म्हटलं, आता एक माझ्या मनचं लिही. मुलींची सायकल मोहाच्या झाडाखाली आहे. तिनं लिहायला घेतलं आणि थांबली.

"मुली किती आहेत, आई?"

"तीन."

"मग सायकली पाहिजे न. एक कशी?"

"एकच होती."

"तीन पोरींत एक? आमच्या वर्गात तर कोणी कोणाला पेन देत नाही." आणि ती हसायला लागली. मी फार बोलत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. वर्गात तुम्ही मला दोनदा विचारल्याशिवाय उत्तर मिळत नसे. काल मात्र मी सूप बाजूला ठेवलं आणि बोलतच राहिले. भात उशिरा झाला.

हाच धडा तुम्ही आम्हाला शिकवला तो दिवस मला स्वच्छ आठवतो. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत. बाहेर धान पोटरीत आलेलं, आणि तुम्ही फळ्यावर एस काढून त्याच्या डोक्याशी खडूचा एक बारीक ठिपका देता. "हा तुडतुडा. धानावर बसतो तो नाही, इंग्रजीवर बसतो तो. कुठे बसवायचा?" तुडतुडा म्हटल्यावर सगळा वर्ग जागा होतो, कारण धानावरची ती कीड आम्ही सगळ्यांनी पाहिलेली. मग तुम्ही खिडकीतून दिसणाऱ्या तलावाकडे बोट करता. "तो तलाव कोणाचा?" मागून कोणी म्हणतं, सरपंचाचा. आमच्यातली उंच मैत्रीण उठून उभी राहते. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तलावाचं काम, कोणाच्या धानाच्या बांधीत पाणी केव्हा सोडायचं ते तिचे वडील पाहायचे. ती म्हणते, "सरपंचाचा कायले राहील? लोकाईचा हाय." तुम्ही खडू ठेवता. "झालं. तुमच्या बोलीत हे आधीच आहे. एकाचा तो सरपंचाचा, सगळ्यांचा तो लोकाईचा. इंग्रजीत फक्त तुडतुडा मागे सरकतो." मला तो धडा पुन्हा कधी पाठ करावा लागला नाही.

सातवी संपली तेव्हा पुढची शाळा पाच किलोमीटरवर होती, नहराच्या काठानं. आमच्या वर्गातल्या तीनच मुली पुढे शिकायचं म्हणत होत्या. उंच, लहान आणि मी. लहान म्हणजे वयानं नाही, अंगानं. माझे बाबा म्हणाले होते, "एकट्या पोरीले एवढ्या दूर कोण धाडते?" तिघी असतील तर जा, नाहीतर घरी राहा. मग एक दिवस तुम्ही तुमची लेडीज सायकल हातात धरून आमच्या अंगणात आलात. गुडघे दुखतात, मला आता चालवत नाही, असं बाबांना सांगितलंत. सायकल कोणा एकीला दिली नाही. तिघींना उभं करून म्हणालात, "तिघी शाळेत जाल तोवर ही तुमची. एक जरी घरी बसली तर ही माझ्या दाराशी परत आणून लावायची." चेनच्या झाकणावर तुम्ही पांढऱ्या रंगानं इंग्रजीत लिहिलं होतं, मुलींची सायकल. तुडतुडा बरोबर मागे.

एका सायकलवर तिघी बसत नाहीत. उंच मैत्रिणीनं त्याची पाळी बसवली, घरी पाण्याची बसवतात तशी. दोघी सायकलवर निघायच्या, तिसरी पायी. अर्ध्या वाटेवर मोहाचं झाड, तिथे मागे बसलेली उतरून पुढे चालायला लागायची, आणि चालवणारी परत फिरून पायी येणारीला घ्यायला जायची. रोज चालवणारी वेगळी. नहराच्या वळणावर बाभळी दाट आहेत, पलीकडचं काही दिसत नाही. म्हणून परत फिरलेलीनं वळणाआधी घंटी वाजवायची, असं ठरलं होतं. ज्या दिवशी पायी चालायची पाळी माझी असे, त्या दिवशी माझं सगळं लक्ष कानात असायचं. ट्रिंग ऐकू आलं की कळायचं, मला घ्यायला येऊन राहिली. दप्तर पाठीवर नीट करून मी थांबायचे. इतका आनंद मला नंतर फार कमी गोष्टींनी दिला, हे लिहायला मला संकोच वाटतो, पण खरं आहे.

तुमचं एक बोलणंही आठवतं. एकदा पंक्चर झालेली सायकल तशीच पडून होती आणि तिघींनी सांगितलं की आपल्या पाळीत झालं नाही. तुम्ही आवाज चढवला नाही. "बसायला तिघींची, आणि पंक्चर कोणाचंच नाही? वा." त्या संध्याकाळी तिघीही दुकानात गेलो. एकीनं टायर धरलं, एकीनं पंप, आणि मी उगीच पाण्याचं घमेलं धरून उभी राहिले, कारण तिसरं काही कामच नव्हतं.

खरी कसोटी आली ती नववीत, रोवणीच्या दिवसांत. लहानीच्या आईचा पाय मुरगळला होता, दोन बांध्या रोवायच्या राहिल्या होत्या आणि रोवायची रोपं, पऱ्हे, वाढून चालले होते. ती चार दिवस शाळेत आली नाही. तिच्या घरी विचारलं तर उत्तर आलं, "रोवणी झाली का पाहू." त्या 'पाहू'चा अर्थ आम्हाला माहीत होता. आमच्याआधी दोघीतिघी अशाच रोवणीला थांबल्या आणि परत आल्याच नाहीत. ती थांबली की सायकल जाणार, आणि सायकल गेली की मीही घरी बसणार. आम्ही तुमच्याकडे आलो, वाटलं तुम्ही अट सोडाल. तुम्ही म्हणालात, "सोमवारी तिघी दिसल्या नाहीत तर सायकल माझ्या दाराशी पाहिजे." बाहेर पडल्यावर उंच म्हणाली, "बाई लय कठीण हाय." मलाही तुमचा राग आला होता.

रविवारी सकाळी आम्ही दोघी लहानीच्या बांधीत उतरलो. तिची आई बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर पाय लांब करून बसलेली, तिथूनच हुकूम देत होती. दुपार व्हायच्या आत पाहतो तर तुम्ही धुऱ्यावरून येऊन राहिल्या, चपला हातात, लुगडं खोचलेलं. "मलाही पऱ्हे द्या." तुम्ही रोपं खडूसारखी धरलीत. थोड्या वेळानं लहानीची आई म्हणाली, "बाई, तुमची ओळ त सापावानी चालून राहिली."

"फळ्यावर सरळ येते हो," तुम्ही म्हणालात. "फळा हलत नाही."

आणि पुढचं पाऊल टाकताना चिखलात बसलात. आधी कोणी हसलं नाही. मग तुम्हीच हसलात, आणि ती पाय मुरगळलेली बाई धुऱ्यावर हसता हसता आडवी झाली. सूर्य कलला तेव्हा दोन्ही बांध्या रोवून झाल्या होत्या. निघताना ती म्हणाली, "उद्या पोरीले पाठवतो, बाई. नाई पाठवली त तुमी पुन्हा रोवायले याल."

सोमवारी वळणावर घंटी वाजली, आणि पायी येणारी लहानी होती.

दहावी तिघी पास झालो. सायकल तुम्हाला परत दिली, तुम्ही ती पुढच्या तीन मुलींना देणार होतात. हात फिरवून पाहताना तुम्ही विचारलंत, "घंटी कुठे आहे?" आणि लगेच, "कोणी काढली का?" तिघींनी मान हलवली, नाही. तुम्ही म्हणालात, रस्त्यात पडली असेल, नवी लावू. आणि विषय संपला.

आता उंच गावातच आहे, वडिलांच्या जागी तलावाचं पाणी तीच वाटते. लहानी गोंदियात नर्स आहे. मी कुडव्याला राहते, ऑफिसात कारकुनी करते. तुम्ही गेलात त्याला खूप वर्षं झाली, पण तिघी भेटलो की त्या वाकड्या ओळीची आठवण निघतेच. लहानी शपथेवर सांगते की त्या ओळीचं धान सगळ्यांत चांगलं आलं. येत्या रविवारी दोघी माझ्याकडे जेवायला येणार आहेत.

काल सायकलची गोष्ट सांगून झाल्यावर मुलगी पट्टी शोधायला माझ्या कपाटाच्या खणात गेली आणि गंजलेली घंटी घेऊन आली. "ही कोणाची, आई?" माझ्या तोंडून निघून गेलं, "माझी." तिनं माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि घंटी वाजवली. अजून वाजते.

रविवारी घंटी ताटांच्या मध्ये ठेवीन. त्या दोघी काय म्हणतील ते म्हणोत, बहुतेक खूप शिव्या देतील. खणातली तिची जागा आता रिकामी होईल, तिथे हे पत्र घडी करून ठेवते. आणि बाई, तुम्ही घंटीचं विचारलंत तेव्हा सगळ्यांत आधी मान मीच हलवली होती. त्यांनी माझी पाहून हलवली.